समुद्राला नारळ, जालन्यात

"अहो सर, टाकीत न्हाई!" मी ओरडले, पण तोवर नारळाचं पाणी समुद्रात गेल्तं.

समुद्र म्हणजे आमच्या एमआयडीसीतल्या लॅबमधली काचेची टाकी. पाणी मात्र अस्सल, कोकण किनाऱ्यावरून ड्रमनं आलेलं. त्या दिवशी नारळी पौर्णिमा, आणि आमचे मालक देशमुख सर हरखलेले. "जालन्यात पहिल्यांदा समुद्र आला वैशाली, नारळ नको का द्यायला?"

काम असं होतं. समुद्र हवेतला कार्बन शोषतो. त्यात स्लॅगची, म्हणजे भट्टीत लोखंड वितळवल्यावर उरणाऱ्या मळीची पूड टाकली तर पाण्याचा आंबटपणा मोडतो आणि कार्बन जास्त शोषला जातो, असं म्हणतात. किनाऱ्यावरच्या संशोधक मॅडमना विचारायचं होतं, खरंच फरक पडतो का आणि पाण्यातले जीव जगतात का. जालन्यात पोलादाचे कारखाने, स्लॅगचे ढीग आमच्या दारात, म्हणून काम आमच्याकडं. एका टाकीत पूड, दुसरी तुलनेसाठी साधी. तिला कंट्रोल म्हणतात. दोन्हीत कोळंबीच्या जातीचे चिमुकले जीव. सरांचा नारळ नेमका कंट्रोलमध्ये!

दोन-तीन दिवसांत नारळाचं पाणी नासून कंट्रोलला वास सुटला, जीव मेले. पुडीच्या टाकीतले मजेत पोहून राह्यले.

सर खूश. "साध्यात मेले, स्लॅगमधी जगले! धाड रिपोर्ट जल्दी."

"आणि हे वाचून कुणी स्लॅगचे ट्रकच्या ट्रक समुद्रात रिकामे केले तर? मी सही करणार न्हाई."

"अगं, हे काम गेलं तर पुन्हा कोण देईल आपल्याला?"

त्यांचं खरं होतं. किती हौसेनं मिळवलेलं काम! तरी मॅडमना फोन लावला आणि नारळासकट सगळं सांगून टाकलं.

पलीकडं मॅडम अशा हसल्या की सरांना लांबून ऐकू गेलं. "पाठवते दुसरा ड्रम. सरांना टाकीपासून दूर ठेवा तेवढं."

या खेपेला मी टाक्या तीन केल्या: साधी, कमी पुडीची, जास्त पुडीची. जास्तवाल्या टाकीतले जीव गेले. कमीवाल्यातले जवळपास सगळे जगले, आणि पाण्यानं साध्या टाकीपेक्षा जास्त कार्बनही ओढला. थोडाच, पण ओढला! मी लॅबमध्येच उडी मारली. सरांनी अख्ख्या स्टाफला भजी खाऊ घातली.

मॅडमनी पुढची चाचणी किनाऱ्यावरच्या मोठ्या हौदात ठरवली आणि आम्हा दोघांना बोलावलं. धडा एवढाच, की कंट्रोलला कुणी हात लावायचा न्हाई, देवाच्या नावानंसुद्धा.

निघताना सरांच्या पिशवीत नारळ दिसला. हौदाजवळ न्यायचा न्हाई अशी शपथ घातली आणि त्यांना थेट किनाऱ्यावर नेलं. तिथं खुशाल वाहा म्हटलं. तो समुद्र काही कंट्रोल नव्हता.