वस्तीवरचा हापसा

“मिस्त्री, आधी गावातला हापसा खोला,” सरपंच म्हणाले. मी पाना घेऊन वस्तीकडे निघालो होतो.

मी पंचायत समितीत हातपंप दुरुस्तीचा मेकॅनिक होतो. गाव वालूरच्या पलीकडचं. विद्यापीठाच्या नामांतरावरून पेटलेला मराठवाडा तोवर निवला होता, पण या गावात दलित वस्तीवरचा बहिष्कार तसाच होता. वस्तीला विहिरीवर बंदी. हापसा बंद पडल्यापासून ती माणसं ओढ्यात झिरा खणून पाणी पीत होती. मग गावातलाही हापसा बंद पडला, आणि उन्हाळ्यानं विहीरही तळाला गेली. जीपमध्ये सामान एकाच पंपाचं होतं.

“वस्तीची तक्रार आधीची आहे,” मी म्हणालो.

“तुमी कोणाचे?”

“ख्रिश्चन.”

“त्याच्या आधीचे?”

“आधीही माणसंच होतो.”

सरपंचांनी आमच्या ओव्हरसियर साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी मला बाजूला घेतलं. “सॅम्युअल, तुझा धर्म रविवारी चर्चमध्ये कर.”

“रविवारी नुसतं ऐकायचं असतं, साहेब. करायचं सोमवारपासून.”

साहेब जीप घेऊन निघून गेले. सामान तेवढं मी उतरवून घेतलं होतं.

हापशाचा जीव सिलेंडरमध्ये. पाणी वर ढकलणारी ही पितळी नळी बोअरमध्ये खोल असते. तिच्यातला चामड्याचा वायसर झिजला, की दांडा कितीही मारा, पाणी चढत नाही. वायसर बदलायचा तर सगळे पाइप वर ओढावे लागतात. एकट्याचं काम नाही. वस्तीतली माणसं हाताखाली आली. सुरुवातीला मी नेहमीप्रमाणे डोळे मिटून प्रार्थना केली. ठकूबाई म्हणून म्हातारी होती. ती म्हणाली, “मिस्त्रीला झोप यायलीय.”

दिवस मावळायच्या आत पाणी आलं. मुक्काम ठकूबाईच्या ओसरीवर.

सकाळी गावातल्या काही बाया घागरी घेऊन आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या. वस्तीतला मारुती, काल पाइप ओढायला सगळ्यात पुढं असलेला, हापशासमोर आडवा झाला.

“आमाला झिऱ्यावर धाडलं यायनं. आता आमीच पाणी द्यायचं?”

“पंप सरकारी आहे,” मी म्हणालो. “आणि आमच्या बायबलात लिहिलंय, वैरी तहानलेला असला तरी पाणी द्यावं.”

“तुमचा येशू तुमच्यापाशी ठेवा, मिस्त्री. आमची लेकरं गढूळ पाणी पिऊन हगवणीनं पडली, तवा कोणी फिरकलं न्हाई.”

ते खरं होतं. मी त्याच्या बाजूनं जाऊन दांडा धरला आणि बायांना म्हणालो, “आणा घागर.”

मग एक पुढं आली, तिच्यामागं बाकीच्या. नव्या वायसरनं दांडा जड जात होता. काही घागरींतच माझे दंड भरून आले. मारुती बघत होता.

“सरका,” तो म्हणाला आणि त्यानं दांडा घेतला.

घागर भरली तशी समोरची बाई म्हणाली, “बास, भाऊ.”

गावातलं कुणी त्याला आजवर भाऊ म्हटलं नसावं. त्यानं वर पाहिलं नाही. “दुसरी आना,” म्हणाला.

दुपारी मी एसटीनं जाऊन सामान आणलं आणि दुसऱ्या दिवशी गावातलाही हापसा चालू केला. बहिष्कार उठल्याचं कुणी जाहीर केलं नाही. तो पावसाळ्यापर्यंत हळूहळू सुटत गेला. वरिष्ठांचं ऐकत नाही म्हणून माझी बदली पाथरीला झाली.

बोलून पटत नसेल, तर दांडा धरावा. दंड दुखतात, पण वाद तेवढ्यापुरता थांबतो.