लक्ष्मणच्या जीपचा आवाज

पोशेऱ्याच्या लक्ष्मणची जीप दिसायच्या आधी ऐकू यायची. सत्तावीस वर्षांची जीप. तिचा मूळ रंग कोणता, यावर खुद्द लक्ष्मण आणि त्याची बायको वनमाला यांचं कधी एकमत झालं नाही. पण रोज सकाळी जव्हारला माणसं नेण्यात तिनं खाडा केला नव्हता, आणि लक्ष्मणनेही.

वाटेत एक टेकडी लागते. रस्ता तिला लांब वळसा घालून चढतो, आणि वरच्या पाड्यातली माणसं पायवाटेने सरळ खाली थांब्यावर उतरतात. पहिल्या वळणावर लक्ष्मणने गिअर पाडला की जीप घुमायची. तो आवाज आला की पाड्यावर हिरीमावशी चुलीवरचा तवा उतरवायची, टोपली डोक्यावर घ्यायची, आणि जीप थांब्यावर येईपर्यंत तीही पोचायची. मोबाइलला तिथं रेंज नाही. हॉर्नला कोण विचारतो, वळणावर सगळेच वाजवतात. हे लक्ष्मणला ठाऊक नव्हतं असं नाही, पण रोजचं जे असतं ते माणसाच्या ध्यानात कुठं राहतं?

यंदा उन्हाळ्यात गावातल्या संदीपने नवी पांढरी व्हॅन घेतली आणि तीही जव्हारच्या वाटेवर फिरवायला लागला. व्हॅन मांजरासारखी यायची. तिच्यापुढे आपली जीप म्हणजे डबे बडवत निघालेली वरात, असं लक्ष्मणला वाटू लागलं. त्यातच जीपचा सायलेन्सर गंजून फुटला. झालं, स्वारी जव्हारला मंगेशच्या गॅरेजात गेली आणि तोऱ्यात म्हणाली, सगळ्यात मुका सायलेन्सर बसव. मंगेशने दोनदा विचारलं आणि बसवला. परत येताना इंजिन इतकं गप्प होतं की दारांचा खुळखुळाट लक्ष्मणला पहिल्यांदाच ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी टेकडीच्या थांब्यावर चिटपाखरू नव्हतं. पाड्यावर कुणाचं लग्न असेल, असं त्याने मनाला समजावलं. तिसऱ्या दिवशीही थांबा रिकामा, तेव्हा त्याची खात्री पटली, माणसं संदीपकडे गेली. त्याला राग कमी आणि वाईट जास्त वाटलं. याच जीपने त्याने हिरीमावशीच्या दोन्ही सुना बाळंतपणाला दवाखान्यात पोचवल्या होत्या. घरी येऊन तो म्हणाला, जीप विकून टाकू. वनमाला म्हणाली, आधी विचार तरी, मग रुस. पण रुसलेला माणूस विचारायला जातो होय?

चौथ्या दिवशी जव्हारच्या बाजारात हिरीमावशीच समोर आली, कैऱ्यांची टोपली घेऊन बसलेली. दुपारच्या एसटीने आली होती. तिनेच विचारलं, "जीप इकलीस का रं?"

"नाय. रोज येतो मी," लक्ष्मण फुरंगटून म्हणाला.

"कसा येतोस? तुझी गाडी वाजलीच नाय. आमी आयकत बसलो. नाय वाजली तर उतरू कशे?"

आणि संदीपची व्हॅन? ती कधी येते, कधी जाते, ते पाड्यावर कुणालाच कळत नव्हतं.

आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतला हे उमगलं, तसा लक्ष्मण भर बाजारात हसत सुटला. तिथून थेट मंगेशकडे. मंगेशने माळ्यावरून दोन सायलेन्सर काढले आणि शहाणपणही सांगितलं: नुसता मोठा आवाज कामाचा नाही, तडतडा आवाज वळणावरच मरतो; जाडा आवाज डोंगर चढतो. दोघांनी ठरवलं की पाड्यावर कुणाला काही सांगायचं नाही. सांगून ठेवलं तर सगळे कान लावून बसतील, मग टाचणी पडली तरी ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं टेकडीच्या पायथ्याशी आले. पहिला सायलेन्सर असा फाटक्या गळ्याने ओरडला की पाड्यावरची सगळी कुत्री भुंकली, पण माणूस एक उतरलं नाही. सायलेन्सर गार व्हायची वाट न बघता मंगेशने हात घातला आणि बोटं भाजून घेतली. मग दुसरा बसवला, जुन्या घडणीचा, लांब गोल, आत भोकांची एकच नळी. पहिल्या वळणावर लक्ष्मणने गिअर पाडला आणि जीप घुमली. त्याच्या अंगावर काटा आला. पण आपल्याला पटून काय उपयोग, टेकडीला पटायला हवं. थांब्यावर इंजिन बंद करून तो पायवाटेकडे बघत बसला.

करवंदीच्या जाळीवर आधी एक टोपली दिसली, मग टोपलीखाली हिरीमावशी. मागून आठ-नऊ जण. आल्या आल्या मावशीने फैलावर घेतलं, ऊन कुठवर आलं बघ, ही काय यायची वेळ झाली? सगळ्यांच्या मागे काठी टेकत फागूबाबा होता. गुडघ्यांमुळे तो दोन वर्षांत टेकडी उतरला नव्हता. लक्ष्मणने विचारलं, बाबा, तुम्हाला कुठं सोडू?

"कुठं नाय," फागूबाबा दम खात म्हणाला. "गाडी वाजली, म्हणून बघाया आलो."

लक्ष्मणचे डोळे भरून आले, आणि ते त्याने लपवलेही नाहीत. उतरलातच तर जव्हारचा चहा पिऊन येऊ, असं म्हणत त्याने फागूबाबाला पुढच्या सीटवर बसवलं, मंगेशला मागे टोपल्यांत कोंबलं आणि जीप सुरू केली.