संस्थानचं निशाण

खंडेनवमीला आमच्या गावच्या राजवाड्यात शस्त्रांची पूजा असते. यंदा मीही गेलो होतो. मांडलेल्या तलवारींमागे जुन्या संस्थानचं निशाण भिंतीला टेकवून उभं केलं होतं. जाड रेशमावर ढाल भरलेली आणि तिच्या दोन्ही बाजूंना मागच्या पायांवर उभे राहून जीभ बाहेर काढलेले सिंह. वर विलायती मुकुट. गुरुजींनी नेमकं त्या मुकुटालाच कुंकू लावलं आणि माझं डोकं फिरलं.

“पूर्वजांनी लढाईत नाचवलेलं निशाण आहे हे,” राजवाड्याचे कारभारी आबा छाती फुगवून सांगत होते.

कुठली लढाई? इंग्रज साहेबानं दरबार भरवला आणि ज्यानं ज्यानं मान तुकवली त्याला असलं एकेक निशाण दिलं. चित्रही साहेबाच्याच माणसानं काढलेलं. आमच्या रानात असा सिंह कुणी कधी पाहिला होता? आणि जड तर इतकं, की उचलायला दोन माणसं लागतात. ते वाऱ्यावर फडकणार तरी कसं?

“मग लढाईतलं कुठं गेलं, आबा?” मी विचारलं.

कोपऱ्यात उरलेल्या तलवारी पुसत बसलेल्या म्हाताऱ्या शिकलगारानं हातातलं फडकं वर धरलं. विरलेलं, तेलकट, पण कडेचा भगवा अजून ओळखू येत होता.

“हेच की. माझा बापही वर्षाच्या वर्षाला यानंच तलवारी पुसायचा.”

खिडकीतून झुळूक आली. सिंह जागचे हलले नाहीत. म्हाताऱ्याच्या हातातलं फडकं मात्र फडफडलं.