उजव्या ड्रमामागची जागा

टोकावड्याला रस्त्यालगतच्या एका धाब्यामागे पेंटबॉलचं मैदान आहे. पडीक शेताचा तुकडा, पत्र्याचे ड्रम, पेंढ्याच्या गंजी आणि भोवती हिरवी जाळी. बाहेरचे पाहुणे नसले की रविवारी सकाळी ते आम्हाला मिळायचं. आम्ही पाच जण होतो. कर्णधार मी, संघही मीच निवडायचो.

आमच्यातला एक भातसानगरला धरणावर नोकरीला होता. दोन एसट्या बदलून यायचा, तरी सगळ्यांच्या आधी पोचायचा. आम्ही चहा पीत असताना तो पाचही मुखवट्यांच्या काचांना आतून साबणाचं बोट लावायचा आणि कोरड्या फडक्याने त्या पुसायचा. त्यामुळे धावताना श्वासाची वाफ काचेवर धरत नसे. हे काम त्याला कोणी सांगितलेलं नव्हतं. खेळात तो उजव्या ड्रमामागून मुद्दाम डोकं दाखवायचा. समोरच्या बंदुका तिकडे वळल्या की आम्ही डावीकडून पुढे सरकायचो. बहुतेक वेळा तोच आधी बाद होई. कोणी किती जण टिपले, एवढंच मी वहीत लिहीत असे. त्याच्या नावापुढे बरेचदा काही नसायचं.

मुरबाडच्या एका संघाशी सामना होता. त्या दिवशी शेवटी आमचा तो एकटा उरला, त्यांचाही एकच. रंगाची गोळी त्याच्या टाचेवर फुटली तेव्हा पंच पाठमोरा होता. गवतात बूट घासला असता तर रंग गेला असता. त्याने हात वर केला आणि बाहेर आला. आम्ही हरलो.

"कोणी बघितलं होतं?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

"मला लागली ना, भाऊ," तो म्हणाला आणि मुखवटे गोळा करायला लागला.

पुढच्या सामन्याला मी त्याच्या जागी धाबेवाल्याच्या पुतण्याला घेतलं. पुतण्या चपळ होता. भातसानगरवाल्याला वगळल्याचं मी फोनवर दोन ओळींत कळवलं, कारण लिहिलं नाही. त्याचं उत्तर आलं, "बरं."

रविवारी तो तरीही आला. पाच मुखवटे पुसले, त्यातला एक पुतण्याचा, आणि जाळीबाहेर बसला. खेळात पुतण्याच्या कोपरावर गोळी फुटली. त्याने कोपर पेंढ्यात पुसलं आणि खेळत राहिला. मी चार हातांच्या अंतरावर होतो. मी पाहिलं आणि गप्प बसलो. आम्ही जिंकलो. बाहेर आलो तेव्हा जाळीबाहेर बसलेला तो पुतण्याकडे नव्हे, माझ्याकडे बघत होता.

त्यानंतर तो आला नाही. दोनेक महिन्यांनी मी भातसानगरला त्याच्या क्वार्टरवर गेलो. त्याने स्वतः चहा केला. पुन्हा ये म्हटल्यावर त्याने विचारलं, "मला घेतलंस तर काढणार कोणाला?" मी पुतण्याचं नाव घेतलं.

"मग त्याला फोनवर नको कळवू. समोर सांग. मी येतो."

त्याची अट एवढीच होती. पण मैदान धाबेवाल्याचं होतं.

रविवारी पुतण्या माझ्यासमोर उभा होता. मुखवटे कोणी पुसले नव्हते. मी त्याला उजव्या ड्रमामागे जायला सांगितलं. भातसानगरला मात्र मी काहीच कळवलं नाही, दोन ओळीही नाहीत.