वेचणीची लय

पंडित नीळकंठराव इंगोले यांची माझी पहिली भेट अकोल्यात, त्यांच्या घरी झाली. मी अमरावतीहून तंबोरा घेऊन गेले होते. माझं गाणं ऐकून ते एवढंच म्हणाले, "आवाज गोड हाय." हे कौतुक नव्हतं, हे कळायला मला वर्ष लागलं.

ख्यालाचे बोल ब्रजभाषेतलेच हवेत, हा दंडक गुरुजींनी कधी मानला नाही. त्यांच्या नायिका वऱ्हाडीत रुसतात. काही जाणकारांनी त्यावर नाकं मुरडली. गुरुजींना त्याचं काही वाटलं नाही. मला मात्र राग यायचा, अजूनही येतो.

१८६०च्या दशकातल्या कापसाच्या तेजीवरची बंदिशमाला हे त्यांचं सर्वांत मोठं काम. अमेरिकेत युद्ध पेटलं, तिकडचा कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अचानक भाव आला; युद्ध संपताच तो कोसळला. ही सगळी गोष्ट त्या बंदिशींत आहे. अमरावतीत ती पहिल्यांदा मी गाणार होते. माझी ती पहिलीच मोठी मैफल.

ज्या कामावर बंदिश असेल, ते काम करणाऱ्यांना ती आधी ऐकवायची, ही गुरुजींची रीत. मैफलीच्या तीन दिवस आधी त्यांनी शेवंताबाईंना बोलावलं. त्यांचा जन्म कापूस वेचण्यात गेलेला. वेचणीची बंदिश द्रुत तीनतालात होती. मी ताना घेऊन घेऊन ती रंगवली. शेवंताबाई शांतपणे म्हणाल्या, "बाई, तुमचं गानं लय पळून राहिलं. इतक्या घाईनं येचलं तं बोंडाचं टोक बोटात घुसते, अन् कापसात पालापाचोळा येते."

गुरुजींनी ती बंदिश तिथल्या तिथे रद्द केली आणि त्याच संध्याकाळी संथ झपतालात नवी बांधली. मला रडूच कोसळलं. टाळ्या जुनीलाच मिळणार, हे मला ठाऊक होतं. नवी मी शिकून घेतलीच नाही; मैफलीत हट्टानं जुनीच गायले आणि टाळ्या मिळवल्या.

तेव्हा गुरुजी पहिल्या रांगेतून उठले आणि रसिकांना म्हणाले, "पोरगी झकास गायली. बंदिश चुकीची हाय, अन् चूक माही हाय." शिष्येनं त्यांचा शब्द मोडला, हे त्यांनी कोणालाही सांगितलं नाही. आज मीच पहिल्यांदा सांगते आहे.

झपतालातली बंदिश त्यांनी पुढे दुसऱ्या कोणालाही दिली नाही. लिहून ठेवायची त्यांना सवय नाही. ती मागायला मला तोंड नव्हतं. त्यात बावीस वर्षं गेली. गेल्या महिन्यात शेवटी धीर करून मागितली.

"काहून वं, एवढा उशीर?" एवढंच विचारून ते शिकवायला बसले. आता दोन ओळींत त्यांना दम लागतो. स्थायी झाली. "अंतरा मंग पाहू," म्हणाले आणि पडून राहिले.

पंचाहत्तरीनिमित्त गुरुजींना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, असं या गौरवग्रंथात सगळेच लिहितील. माझ्या शुभेच्छेत स्वार्थ आहे. तो अंतरा मला येत नाही, आणि गुरुजींशिवाय दुसऱ्या कोणालाही येत नाही.