आमच्या नंदीची भिंतीकडची बाजू

माझ्या हातून निघालेली एकच गोष्ट आजवर दूरवर गेली, आणि तीही चुकीच्या ग्रुपवर पडली म्हणून.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. स्टील प्लांटच्या वसाहतीत, सेक्टर दोनमधल्या आमच्या क्वार्टरच्या व्हरांड्यात आईने लाकडी नंदी सजवला होता. पोरं असे नंदी ओढत दारोदार जातात अन् खाऊ मिळवतात. आमच्या घरात आता त्या वयाचं कोणी नाही, तरी आईचा नंदी दरवर्षी सजतोच. बाबांच्या जुन्या मफलरची झूल, त्यावर माझ्या लग्नाच्या कोटाची सोनेरी बटणं. कोट मला पुन्हा कधी बसणार नाही, हे तिने बटणं कापायच्या आधीच ठरवून टाकलं होतं. मी फोटो काढला आणि घरच्या ग्रुपऐवजी प्लांटमधल्या शिफ्टच्या ग्रुपवर टाकला. चष्मा खिशात होता.

संध्याकाळी तोच फोटो घरच्या ग्रुपवर आला, मोहन नगरच्या आत्याकडून. वर हिंदीत शुभेच्छा, खाली गुलाब, कोपऱ्यात लुकलुकणारी पणती. प्रवासात नंदी थोडा धूसर अन् बराच श्रीमंत झाला होता. सोबत आत्याचा आवाज: "वहिनी, पाहून घे. याले म्हणतात सजवणं!"

आईने लगेच फोन लावला. "ताई, हा माहा नंदी हाय."

"आता सारेच म्हणतीन."

लग्न होऊन आल्यापासून आईला या नणंदेकडून कधी शाबासकी मिळाली नव्हती. आज मिळाली, ती भलत्याच कोणाला. आई रात्री जेवली, पण जेवताना बोलली नाही. आमच्या घरात हे उपासापेक्षा गंभीर.

दुसऱ्या दिवशी नंदी पिशवीत घालून आम्ही स्कूटरवर निघालो. वाटेत सुपेल्याच्या बाजारातल्या गर्दीत जितके ब्रेक लागले, तितक्यांदा शिंगं माझ्या पाठीत घुसली.

आत्याला आधी मी मूळ फोटो दाखवला.

"हा तं अर्धवट हाय. गुलाब कुठी गेले?"

मी समजावलं, की चित्र हातोहाती फिरतं तेव्हा प्रत्येक जण त्यात आपली भर घालतो, पहिलं चित्र साधंच असतं. माझ्या मते मी फार छान बोललो.

"म्हणजे तू गुलाब पुसून टाकले," आत्या म्हणाली.

आईने पिशवीतून नंदीच काढून टेबलावर ठेवला. आत्याने फोन पाहिला, नंदी पाहिला, परत फोन पाहिला. "जमला बरं, वहिनी. फोटो पाहून केला ना? पण तेवढी चमक नाही आली."

मी हात टेकले. सागवानाचा धडधडीत बैल समोर उभा, आणि नक्कल तोच ठरला!

आई मात्र शांत. "ताई, फोटोत याची एकच बाजू दिसते. दुसरी मी भिंतीकडं ठेवते. कावून ठेवते, पाहा."

तिने नंदी फिरवला. त्या बाजूचा कान कुरतडलेला होता. बारीक बारीक दातांच्या खुणा.

आत्याने कानावरून बोट फिरवलं. तिचा मुलगा आज अफसर आहे, पण दात येत होते तेव्हा आमच्याकडे आला की हाती लागेल ते चावायचा.

"अवं माय! हे तं माह्या पोराचे दात!"

"फोटोवाल्याकडं असतीन का असे?" आई म्हणाली.

आत्या हसत सुटली. मग तिने फोन तोंडाशी धरून ग्रुपवर ठणकावलं, "ऐका सारे! तो नंदी आमच्या घरचा हाय. माह्या वहिनीनं सजवला. असा दुसऱ्या कोणाले जमत नाही!"

परतताना सुपेल्याच्या सिग्नलवर आईने तो आवाज पूर्ण जोरात लावला. मग पुन्हा लावला. शेजारच्या ऑटोवाल्याची नजर पिशवीतल्या शिंगांवर गेली. "माताजी, ये तो कल मेरे मोबाइल में आया था!"

सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्न सुरू झाले. मी निघायला लागलो, तर आईने माझा खांदा दाबला.

"थांब रे," ती म्हणाली, आणि नंदी पिशवीतून वर काढत ऑटोवाल्याकडे वळली. "पहले इसका कान देखो."