पात्यातलं शिसं

“दोन पात्यांत तांदळाच्या एका दाण्याचा फरक राहिला, तरी यंत्र थरथरून स्वतःलाच मोडून घेतं,” असं हरिश्चंद्र शिवलकर एकदा म्हणाला होता. तेव्हा तो ओटीवर बसून, मधोमध जोडलेली दोन लाकडी पाती दोऱ्याला टांगून तोलत होता. वर गेलेल्या पात्यावर तो एकेक दाणा ठेवी. दोन्ही सरळ रेषेत आली की श्वास सोडी.

अठरा वर्षं तो बोटींवर फिटर होता. इंजिनखोली पाण्याच्या पातळीखाली असते. तिथं तेलाचा वास असतो, घरघर असते, आकाश नसतं. चौऱ्याऐंशीच्या जूनमध्ये धंदा मंद म्हणून कंपनीनं त्याला घरी बसवलं. येताना त्यानं कोबे बंदरातून एक खोकं आणलं होतं. त्याच्या बायकोला, कमळाला, वाटलं शिवणयंत्र असेल. आतून निघालं सुट्या भागांतलं हेलिकॉप्टर, दीड हात लांब, आणि ते चालवायचा दोन दांड्यांचा रेडिओ.

“ह्याच्यावर काय शिवू?” कमळा म्हणाली. त्यानंतर त्या खोक्याबद्दल ती फारसं बोलली नाही.

जपानी पाती तिसऱ्याच दिवशी जमिनीला लागून मोडली. नवी मिळायची सोय नव्हती. मग त्यानं पावसाळाभर घरात बसून शिवण झाडाच्या लाकडाची पाती तासली. टोकांना वजन यावं म्हणून पात्यांच्या टोकांना भोकं पाडून त्यांत जाळ्याला लावतात त्या शिशाच्या गोळ्या ठोकल्या. वरून होडीच्या फटी बुजवायची राळ ओतली. हे सगळं श्रावणात झालं. श्रावणात आमच्याकडं बरणीतलं मीठसुद्धा ओलं असतं.

दिवाळीनंतर तो रोज सकाळी यंत्र घेऊन गावामागच्या सड्यावर, कातळाच्या माळावर, जाऊ लागला. वर नुसता उघडा जांभा, आणि कडेला आत्मारामशेटची चिरेखाण. तिथं गंगाराम चिरे तासायचा. हातखंब्याच्या वरच्या अंगाचा, बाहेरगावचा माणूस. खाणीशेजारी झावळ्यांच्या खोपटात बायकोसह राहायचा. हरिश्चंद्र यायच्या आधी तो खराट्यानं सड्यावरची खडी झाडून ठेवी. त्याला कुणी तसं सांगितलं नव्हतं. यंत्राला तो घार म्हणायचा.

“दादा, आज घार किती उठली?”

“पाच हात.”

“आनि बसली कुठं?”

“उठली तिथंच.”

“मग उठवलीत कशाला?”

हरिश्चंद्र हसायचा. घरी तो असा हसत नसे. ते यंत्र लांब न्यायची त्याला हौस नव्हती. ते हवेत एका जागी थांबावं, कशालाही न टेकता थांबावं, एवढंच त्याला हवं होतं. आधी चार क्षण जमलं, मग मिनिटभर. इंधनात तो एरंडेल घालत असे. चिरे वाहणारी हौसा एकदा तो वास घेऊन म्हणाली, “आमाला एरंडेल पाजलं तर आमी परसाकडं पळतो. ही मेली वर पळते!” खाणीतल्या बाया टोपल्या खाली ठेवून हसल्या. हरिश्चंद्रही हसला.

वैशाखातल्या एका सकाळी यंत्र डोक्याच्या उंचीवर थांबलं होतं. वारा नव्हता. दोन मिनिटं होत आली, आणि एकदम ते तापानं फणफणलेल्या माणसासारखं थरथरू लागलं. त्यानं घाईनं खाली बसवलं. तेवढ्यात खाणीकडून किंकाळी आली.

हौसा खाणीच्या काठावर उभी होती. डोक्यावर चिरा होता, दोन्ही हात चिऱ्याला होते. चेहरा झाकायला हात मोकळा नव्हता. डावा डोळा फुटला होता. चार हातांवर गंगाराम टिकाव घेऊन चिरा तासत होता, तो तसाच गोठला. चिऱ्यांच्या ट्रकमधून तिला शहरात नेलं. डोळा काढावा लागला. काय लागलं, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बरोबरच्यांनी सांगितलं, चिऱ्याची कपची.

हरिश्चंद्रनं घरी येऊन पाती सोडवली. एका टोकाचं भोक रिकामं होतं. राळ तडकून उडाली होती. श्रावणात ओलं असलेलं लाकूड वैशाखात आकसलं होतं आणि शिसं सैल झालं होतं. तापल्यावर लोखंड किती वाढतं हे तो झोपेत सांगू शकला असता. लाकडाला त्यानं विचारलंच नव्हतं.

“मोडलं काय?” कमळानं विचारलं.

“नाही.”

दुसऱ्या दिवशी खाण बंद होती. तो गुडघ्यांवर बसून काठावरची लाल धूळ चिमटीनं चाळत राहिला. हौसाच्या डोक्यावरून पडून दुभंगलेल्या चिऱ्याशेजारी ती गोळी सापडली. एका अंगानं चपटी झाली होती. त्यानं ती सदऱ्याच्या खिशात टाकली.

एक वाक्य सांगायचं होतं. ते त्यानं मनात पुष्कळदा तयार केलं. पण फळीवर कंपनीचं पत्र होतं, जूनमध्ये मुंबईत हजर व्हायचं. रेडिओचं लायसन त्यानं कधी काढलंच नव्हतं. पोलीस आले असते, चौकशी लांबली असती, बोट गेली असती. हे तो स्वतःला सांगत होता, आणि हे सगळं खरंच होतं.

आठव्या दिवशी, दोष कुणाचा ते ठरवायला, गाव देवळात जमलं. मध्ये आत्मारामशेट बसला होता. खांबाला टेकून हौसाची सासू गोदूबाई. मागं बायकांत, डोळ्याला पट्टी बांधलेली हौसा. गंगाराम दाराशी उकिडवा.

“कपची पायाशी पडते, शेट,” गंगाराम म्हणाला. “वर उडत नाय. वीस वरसं तासतोय. पन तिथं दुसरं कोन होतं? दादा होते सड्यावर. त्यांची नजर बारीक. त्यांना इचारा.”

“काय रे हरिश्चंद्र,” आत्मारामशेट म्हणाला, “तुला काय दिसलं?”

“माझी नजर वर होती.”

“तुजी नजर सदाचीच वर,” गोदूबाई म्हणाली. “खाली मानसं हायत, हे कदी दिसलं तुला?”

दोघंतिघं हसले. तेवढ्यात त्याला ते वाक्य बोलता आलं असतं. हसणं थांबलं आणि वेळ गेली.

“देवाला इचारा,” गंगाराम म्हणाला. “देव बोलंल ते कबूल.”

गुरवानं तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवल्या आणि देवाच्या पाषाणाला लावल्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. उजवी पडली तर गंगारामची कपची, डावी पडली तर नाही. मग गाऱ्हाणं घातलं. देवळात कुणी हलेना.

हरिश्चंद्रची नजर तोलण्यात मुरलेली होती. डावी कळी गुरवानं अंगठ्यानं जास्त दाबली होती, तिच्याखाली पाणी चमकत होतं. उजवीखालचा दगड सुकत चालला होता. काय होणार ते त्याला सगळ्यांच्या आधी दिसलं. तरी तो डावीकडं बघत राहिला. ती पडली असती तर गंगाराम सुटला असता, आणि तोही. खिशातला हात गोळीवर आवळला गेला.

उजवी कळी पडली.

गंगाराम तिच्याकडं बघत राहिला. “मग माजीच असंल,” तो म्हणाला.

“उद्यापासून खाणीवर पाय ठेवायचा नाही,” आत्मारामशेट म्हणाला. “खोपट मोड. ह्या गावात तुला काम नाही.”

गंगारामनं मान हलवली. हौसा कुठं बसली आहे ते शोधून त्यानं तिच्या दिशेनं जमिनीला कपाळ टेकवलं. मग उठताना हरिश्चंद्रकडं वळून, काही तरी राहून गेल्यासारखं म्हणाला, “दादा, खडी आता तुमालाच झाडायला लागंल. बारीक आसते, दिसत नाय. घारीला लागंल.”

हरिश्चंद्र उठला. खिशातली मूठ त्यानं बाहेर काढली नाही. डाव्या हातानं खांबाचा आधार घेत, माणसांच्या गुडघ्यांमधून वाट काढत तो दाराशी आला, गंगारामच्या अंगावरून पुढं गेला, पायरीवरच्या चपलांत आपल्या शोधल्या, आणि उन्हात निघून गेला.